हाकेला ओ देणारं डिजिटल

आमच्या कोल्हापुरात ‘डिजिटल’ म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढची सगळी गंमत वाया जाईल. डिजिटल म्हणजे फ्लेक्स. चौकात बांबूंना बांधलेला, १० बाय २० चा, वाढदिवसाचा फलक. ‘अण्णांचं डिजिटल लागलं काय?’, ‘वाऱ्यानं डिजिटल फाटलं’, ‘डिजिटलवर माझा फोटो बारका का घातलासा?’ ही आमची रोजची भाषा. ही डिजिटलं ज्या बोळांतून बाहेर पडतात त्यांतल्याच एका बोळात, महाद्वार रोडच्या मागे, माझं डीटीपीचं दुकान आहे. २६ वर्षं झाली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, बारशाची आमंत्रणं, उत्तरकार्याची पत्रं आणि अलीकडे मुख्यतः माणसांची मुंडकी कापणं. दचकू नका, फोटोतली. चेहरा कापून काढायचा, मागचं झाड, भिंत, स्कूटर पुसून टाकायची, कड गुळगुळीत करायची आणि फलकावर मानाच्या जागी नेऊन बसवायचा. साहेब वर उजवीकडे, मोठे. वाढदिवसाचा मालक मधोमध, गॉगलसकट. खाली शुभेच्छुकांच्या दोन रांगा, आणि त्या रांगांत कोण कुणाच्या शेजारी यावरून माझ्या दुकानात भांडणं झालेली आहेत. माणूस कुणाचा आहे, कुठल्या पेठेचा, कुठल्या तालमीचा, कुणाच्या गटात, हे मला त्याच्याशी न बोलता त्याच्या अंगठ्याएवढ्या फोटोच्या जागेवरून सांगता येतं. ही माझी विद्या.

तर मे महिन्यात भाची पुण्याहून आली. डिझाइनचं शिकते. म्हणाली, “मावशी, तुला डिजिटल आर्ट दाखवते.”

मी म्हटलं, “बाई, सकाळपासनं रात्रीपर्यंत मी तेच करतो.”

(हो, ‘करतो’च. लिहिताना मी ‘करते’ लिहीन, पण कोल्हापूरची बाई बोलताना ‘मी येतो, मी जातो’च म्हणते आणि पुण्याची माणसं हसतात. हसू देत.)

मी आमरस काढत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत बरबटलेले. तिनं लॅपटॉप ओट्यावर ठेवला, कॅमेरा चालू केला, आणि पडद्यावर आमचंच स्वयंपाकघर दिसायला लागलं. मी, मागचा पांढरा फ्रिज, भिंतीवरचं कॅलेंडर. फोटो काढत्येय वाटून मी पदर सारखा करायला गेले आणि वरून काहीतरी पडलं. अक्षर! एक ‘त’. सावकाश, भुरभुरत, पावसाच्या पहिल्या थेंबासारखं खाली आलं आणि माझ्या खांद्यावर टेकलं. टेकलं म्हणजे खरंच टेकलं, थांबलं! मी खांदा उडवला, ते उडालं, परत खांद्यावर येऊन बसलं. मग दुसरं. मग धो धो. डोक्यावर, दंडावर, त्या बरबटलेल्या हातांवर. मी हात वर केला, अक्षरं हाताबरोबर वर गेली. ओंजळ केली, ती ओंजळीत साचली. ओंजळ सोडली, धबाधबा खाली! आणि मी, ५३ वर्षांची बाई, रक्तदाबाची गोळी घेणारी, ओट्यासमोर आंब्याच्या हातांनी नाचायला लागले. आत्ती (आमच्या सासूबाई) बाहेरच्या खोलीतून ओरडल्या, “काय झालं गं? झुरळ हाय काय?”

मला त्या क्षणाचं अजून नवल वाटतं. हजारो चेहरे मी या हातांनी पडद्यावर बसवले, आणि पडद्यानं मला कधी विचारलंही नव्हतं की बाई, तू कोण. फलक कुणाशीच बोलत नाही. तुम्ही त्याच्यासमोर उभे राहा, नाचा, मरा, अण्णा हसतच असतात. आणि हा पडदा माझी वाट बघत होता. मी हलले की तो हलत होता. या प्रकाराला छापील मराठीत ‘परस्परसंवादी कला’ म्हणतात म्हणे. शब्द बरोबर असेल, पण पत्रिकेवर मावणार नाही. आमच्याकडे साधं म्हणणं आहे, हाकेला ओ देणं. हे ओ देणारं चित्र होतं.

त्यानंतर तीन रात्री मी धड झोपले नाही. भाची झोपायची, मी तिच्या लॅपटॉपवर. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, भांडारच उघडलं होतं. पहिलं कळलं ते हे, की अक्षरांचा तो पाऊस भाचीची कल्पना नव्हती, तिनं गिरवलेला कित्ता होता. मूळ कलाकृती ‘टेक्स्ट रेन’, १९९९ ची, कॅमिल अटरबॅक आणि रोमी अकिटुव्ह या दोघांची. त्यात एका कवितेची अक्षरं पडतात आणि लोक ती अंगावर झेलून झेलून कवितेचे शब्द जुळवतात. १९९९! म्हणजे मी दुकान काढलं त्याच सुमाराला. मी इथं फ्लॉपीवरून पत्रिका छापखान्यात नेत होते आणि तिकडे लोक अंगाखांद्यावर कविता झेलत होते. मला कुणी सांगितलं कसं नाही?

आणि त्याच्याही आधी! मायरन क्रूगर नावाचा माणूस. १९७० च्या दशकात त्यानं ‘व्हिडिओप्लेस’ उभं केलं. वेगवेगळ्या खोल्यांत माणसं उभी करायची, कॅमेऱ्यानं त्यांच्या आकृत्या टिपायच्या आणि एकाच पडद्यावर आणायच्या. प्रत्यक्षात दोघांत भिंती, पडद्यावर शेजारी-शेजारी. क्रूगरच्या अनुभवाची एक गोष्ट वाचून तर मी लॅपटॉप मिटून पाच मिनिटं बसले: पडद्यावर दोघांच्या नुसत्या प्रतिमा एकमेकींना लागल्या तरी माणूस दचकून हात मागे घेतो. हात लागलेलाच नाही! पण प्रतिमाही आपलीच वाटते, अंगासारखी. हे मला २६ वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. दुकानात एक गृहस्थ तावातावानं येतात आणि ‘माझ्या डोक्यावर त्याचा पाय आलाय’ म्हणून फलक परत करतात तेव्हा मी त्यांना येडं समजायचे. येडी मीच. त्याच क्रूगरच्या एका खेळात एक बारकं चित्रातलं जनावर तुमच्या आकृतीवर चढत जातं आणि डोक्यावर पोचलं की तिथं आनंदानं नाचतं. हे मी आत्तींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हंजे नातवंडच की.”

जेफ्री शॉ यांचं ‘द लेजिबल सिटी’ १९८९ चं. एक खरीखुरी सायकल, जागेवर रोवलेली. तुम्ही पायडल मारायचं, समोर पडद्यावर शहर पुढं येतं. पण शहरात इमारती नाहीत, इमारतींच्या जागी अक्षरं! मॅनहॅटनचे खरे रस्ते, नकाशा खरा आणि दोन्ही बाजूंना घराएवढाली अक्षरं, त्यांचीच वाक्यं. ज्या गल्लीत वळाल ते वाक्य वाचाल. डीटीपीवाल्या बाईसाठी याहून मोठा स्वर्ग कुठला? मी डोळे मिटून बिंदू चौकातून सायकल मारली. डावीकडं ‘भ’ केवढा, त्याच्या पोटातून वाट!

पण ज्यानं मला धरलं ते ‘बॉडी मूव्हीज’. राफाएल लोझानो-हेमर यांचं, २००१, रॉटरडॅममधल्या चौकात. भल्यामोठ्या भिंतीवर अनोळखी माणसांची छायाचित्रं टाकलेली, वेगवेगळ्या शहरांच्या रस्त्यांवर काढलेली. पण जमिनीवरून इतका झगझगीत प्रकाश भिंतीवर मारलेला की ती छायाचित्रं दिसतच नाहीत. तुम्ही प्रकाशाच्या आड आलात की तुमची सावली भिंतीवर पडते, दोन मीटरपासून २५ मीटरपर्यंत उंच, आणि त्या सावलीच्या आतच एखादा चेहरा उमटतो. तुमच्या सावलीत दुसरंच कुणीतरी! तुम्ही आडवे आलात म्हणून ते दिसलं. चौकातल्या माणसांनी आपापल्या सावल्या हलवून सगळे चेहरे उघडे केले की दृश्य बदलतं, नवे चेहरे येतात. एकट्याला जमत नाही. ओळखी नसलेली माणसं एकमेकांना खुणा करून, सरका, थोडं डावीकडं, असं करत उभी राहतात.

मी मुंडकी कापणारी. माणूस म्हणजे त्याचा चेहरा, त्याच्या चौकटीत, त्याच्या नावासकट, हे माझ्या धंद्याचं व्याकरण. आणि इथं कुणीतरी म्हणत होतं की तुझी आकृती ही दुसऱ्याला दिसायची जागा आहे.

आता माझं खरं दुखणं सांगते, कारण त्याशिवाय मी का पेटले ते कळायचं नाही. मी निपाणीची. कोल्हापूरपासून ४० किलोमीटर, अर्धं-पाऊण तासाचा रस्ता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. १९६७ मध्ये महाजन आयोगानं निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं म्हटलं, पण बेळगाव नाही म्हटल्यावर महाराष्ट्रानं तो अहवालच मानला नाही, आणि आम्ही होतो तिथंच राहिलो. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. हे सगळं माझ्या बालपणी भिंतीवरच्या घोषणांत होतं, मला त्याचा अर्थ तंबाखूच्या वासाइतकाच नेहमीचा. शाळा मराठी, बाजार अर्धा कानडी, दुधाचा हिशेब कानडीत. १९८१ मध्ये तंबाखूच्या शेतकऱ्यांचं आंदोलन झालं तेव्हा मी नऊ वर्षांची, रस्त्यावर एवढी माणसं पहिल्यांदा बघितलेली.

लग्न करून कोल्हापुरात आले. आणि इथला पहिला प्रश्न: “कुठलं गाव?”

“निपाणी.”

“म्हंजे कर्नाटकातल्या.”

तीस वर्षं! भाजीवाली, बँक, नवीन शेजारी, वरपक्षाच्या बायका. ‘म्हंजे कर्नाटकातल्या.’ आणि निपाणीला गेलं की भावजया म्हणतात, ‘आल्या कोल्हापूरच्या.’ कुणी वाईटपणानं म्हणत नाही. प्रश्न चांगलाच आहे, आपल्याकडे माणसाशी बोलायला सुरुवात करायची ती रीतच आहे. पण त्याला एकच रकाना असतो आणि माझ्याकडे दोन उत्तरं.

म्हणून मुंबईच्या शिल्पा गुप्तांच्या ‘स्पीकिंग वॉल’चं चित्रीकरण बघताना माझ्या अंगावर काटा आला. जमिनीवर विटांची एक अरुंद ओळ. तिच्यावर उभं राहायचं, कानाला हेडफोन लावायचा. समोरची भिंत बोलते. सरहद्दीबद्दल, सरकत राहणाऱ्या रेषेबद्दल. मध्येच सांगते, थोडं मागं सर. पुढं ये. आणि माणसं ऐकतात! विटेवर पाऊल चाचपत मागं सरतात. मी तर खुर्चीत बसल्या बसल्या पाय मागं घेतला. भिंतीनं सांगितलं म्हणून. नकाशावर कुणीतरी रेघ सरकवली म्हणून माझी आजी जागची न हलता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली, तेव्हा तिला कसं वाटलं असेल, हे मला कुठल्या भाषणातून कळलं नव्हतं. तळपायातून कळलं.

चौथ्या दिवशी भाचीला म्हटलं, “मला हे करायचंय.”

ती म्हणाली, “कर की.”

“मला कोडिंग येत नाही.”

“तुला कोरलड्रॉ येत होतं का? आलं नं?”

पी-फाइव्ह नावाचं एक साधन आहे, पूर्ण फुकट, ब्राउझरमध्येच चालतं. २००१ मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी चित्रकारांसाठी ‘प्रोसेसिंग’ काढलं आणि पुढं लॉरेन मॅकार्थी यांनी त्याचा हा वेबवरचा अवतार घडवला, मुद्दाम ज्यांना प्रोग्रॅमिंगची भीती वाटते त्यांच्यासाठी. म्हणजे माझ्यासाठी. तीन-चार ओळींत कॅमेरा सुरू होतो. बाकी तत्त्व ऐकाल तर हसाल, इतकं साधं. कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, आडवे ६४०, उभे ४८०, एकूण ३,०७,२०० ठिपके. प्रत्येक पडणारं अक्षर क्षणाक्षणाला आपल्या खालच्या ठिपक्याला विचारतं, तू काळा की पांढरा? पांढरा असेल तर खाली पडत राहायचं. काळा असेल तर थांबायचं, कारण तिथं माणूस आहे. बस्स! किती काळं म्हणजे काळं, तो आकडा आपण ठरवायचा, शून्य ते २५५ मधला. त्याला इंग्रजीत थ्रेशोल्ड म्हणतात. भाची सहज म्हणाली, थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. मी जागच्या जागी उडाले. उंबरठा! कुणाला आत घ्यायचं न घ्यायचं ते ठरवणारा आकडा, आणि त्याचं नाव उंबरठा! मी प्रोग्रॅममध्ये त्याचं नाव तेच ठेवलं.

आणि मग देवनागरीनं इंगा दाखवला. भाचीच्या स्वयंपाकघरातल्या पावसात तिनं निवडून सुटी अक्षरं घेतली होती. मला गावांची नावं पाडायची होती. ‘निपाणी’ दिलं, तर वरून काय पडावं? ‘न’. मग एक ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ, त्याच्या डावीकडे चिकटलेली एकटी वेलांटी. मग ‘प’. मग काना, पुन्हा ठिपक्यांच्या वर्तुळाला लोंबकळत. संगणक नावाचे तुकडे पाडताना मात्रा वेगळी मोजतो, आणि मात्रेला एकटीला उभं राहता येत नाही म्हणून तिला हे रिकामं वर्तुळ देतो: इथं कुणीतरी अक्षर असायला हवं होतं, अशी खूण. सबंध पडदाभर त्या अनाथ वेलांट्या! मला हसू येईना. ‘गडहिंग्लज’चं तर पीठच झालं. आमच्या जुन्या फाँटांत आम्ही पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायचो, दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात आणि दाखवताना पुढं आणतात. हाताला २६ वर्षांची सवय, डोक्यात नवा हिशेब. दोन दिवस गेले. मग ‘सेगमेंटर’ नावाची एक सोय सापडली, जी अक्षर आणि त्याची मात्रा एकत्र ठेवून नाव तोडते. तरी ‘कोल्हापूर’चा ‘ल्’ पाय मोडून एकटाच पडायचा आणि ‘हा’ मागाहून. ब्राउझर नवा घातला तेव्हा ‘ल्हा’ जुळला. जुळल्यावर मी पेढे आणले. खरंच आणले.

दुसरी गोची आरशाची. कॅमेरा आपल्याला दुसऱ्याच्या नजरेनं दाखवतो, उजवा हात हलवला की पडद्यावर भलतीकडचा हलतो, आणि मग अक्षर झेलता येत नाही. चित्र उलटं केलं, तर अक्षरंही आरशातली झाली. इथं मात्र मी भाचीच्या पुढं होते. काचेच्या आतून लावायचे स्टिकर उलटे छापण्यात माझी हयात गेली. चित्र उलटं, अक्षर सुलटं, दोन थर वेगवेगळे.

कामाचं नाव ठरलं ‘कुठलं गाव?’. मुहूर्त कोजागरीचा, कारण त्या रात्री आमच्या बोळातली माणसं तशीही दुधासाठी खाली उतरतात. समोरच्यांच्या घराची बाजूची भिंत दसऱ्याआधी चुन्यानं पांढरी केलेली होती, तीच मागची भिंत. तिच्यावर मांडववाल्याचे दोन फोकस. समोर चादरीचा पडदा, पडद्यामागे भाड्याचा प्रोजेक्टर, पडद्याखाली कॅमेरा, तोंड माणसांकडं. म्हणजे भिंत आणि पडदा यांच्यामध्ये जो उभा राहील त्याला समोर तोच दिसणार, आणि वरून गावं.

यात मी काही फार मोठं केलं असं समजू नका. हे गावच असल्या खटपटींचं आहे. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी इथंच सुटे भाग घडवून सिनेमाचा कॅमेरा उभा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ दाखवला. गणपतीत राजारामपुरीतले तांत्रिक देखावे बघायला खेड्यापाड्यांतून माणसं येतात, हलते राक्षस, फिरती चक्रं, धूर. फरक एवढाच की देखाव्यासमोर दोरी असते. दोरीच्या अलीकडं आपण, पलीकडं ते. मला दोरी काढायची होती.

पोरांच्या हातात चिठ्ठ्या देऊन घरोघर पाठवलं: तुमचं गाव लिहा. पहिला गठ्ठा आला. कोल्हापूर, कोल्हापूर, कोल्हापूर, मंगळवार पेठ (एक कट्टर), कोल्हापूर. मी पोरांना परत पाठवलं, म्हटलं कोल्हापूर सोडून दुसरं लिहा, सगळ्यांचं असतं. आणि मग आलं! आजरा. गगनबावडा. गारगोटी. रांगोळी (हे आपल्या हातकणंगले तालुक्यातलं खरं गाव, गंमत नव्हे). वैभववाडी. शिरोळ. मिठाईवाल्यांनी लिहिलं पाली, राजस्थानातलं. पाणीपुरीचा गाडा लावणाऱ्यानं नागरीतच वळणदार लिहिलं, दरभंगा. आणि निवृत्त कंडक्टर काका चिठ्ठी घेऊन स्वतः आले. त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. म्हणाले, “चालतंय काय? नाही ते गाव?” ते नाव मी इथं लिहीत नाही. त्यांनी तसं सांगितलेलं नाही, मलाच वाटतं.

मी माझं निपाणी दोनदा घातलं. एकदा देवनागरीत, एकदा कानडीत. गुपचूप.

आठ वाजता दिवे लागले. पहिली पोरं घुसली, मग पोरी, मग लाजत लाजत सुना. काय सांगू! अक्षरं पडायची आणि प्रत्येकजण आपलं गाव शोधत धावायचा. ‘आ’ मिळाला, ‘ज’ कुठाय, ‘ज’ धर! ‘रा’ तिच्या डोक्यावर गेला! एका गावाची अक्षरं एकाच्या अंगावर मावेनात, मग दोघं-तिघं हाताला हात लावून उभे राहिले, हातांचा पूल झाला आणि त्या पुलावर ‘ग-ग-न-बा-व-डा’ ओळीनं येऊन बसलं. टाळ्या! कंडक्टर काका दोन्ही हात पसरून एका जागी उभे होते, बराच वेळ. त्यांच्या गावाची अक्षरं एकेक करून आली. पोरांनी त्यांना धक्का लागू दिला नाही.

मग आत्ती आल्या. ८१ वर्षांच्या, माहेर नेसरी. पांढरट सुती लुगडं, पांढरे केस, डोक्यावर पदर. उभ्या राहिल्या. आणि अक्षरं त्यांच्या आरपार गेली.

एकही थांबेना. ‘ने’ आला, डोक्यावरून, छातीवरून, जणू तिथं कुणी नाहीच असा खाली जमिनीवर गेला. मागं पांढरी भिंत, पुढं पांढरं लुगडं, फोकसच्या भक्क उजेडात चेहराही पुसट. माझा उंबरठा मी काळे केस आणि गडद कपडे धरून लावलेला, स्वतःवर तपासून. आत्ती हात पुढं करून म्हणाल्या, “अगं, माझ्यावर पडंना ते.” पोरं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साठ वर्षं ज्या बाईनं हे घर धरून ठेवलं तिला माझं यंत्र म्हणतंय, इथं माणूस नाही.

जॉय बुओलाम्विनी यांची गोष्ट मी त्या तीन रात्रींतच वाचली होती आणि वाचून पुढं गेले होते. २०१५ मध्ये एमआयटीत शिकताना त्या असाच एक आरसा करत होत्या, समोर उभं राहिलं की तुमच्या प्रतिबिंबावर तुम्हाला स्फूर्ती देणाऱ्याचा चेहरा चढणार. चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीला त्यांचा काळा चेहरा दिसेचना. पांढरा मुखवटा घातला तेव्हा दिसला! पुढं २०१८ मध्ये त्यांनी आणि टिमनिट गेब्रू यांनी बाजारातल्या तशा प्रणाली तपासल्या, चेहऱ्यावरून बाई की पुरुष ते सांगणाऱ्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जेमतेम ०.८ टक्के, काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. तिकडं काळा रंग गायब, माझ्याकडं पांढरा. उंबरठा घालणाऱ्यानं स्वतःच्या मापानं घातला की हे होतं.

शेजारीण म्हणाली, आत्तींना काळी शाल दे. मी म्हटलं, नाही. त्यांनी का बदलायचं? पळत लॅपटॉपकडं गेले, उंबरठ्याचा आकडा ९० होता, १५० केला. आत्ती दिसल्या! पण त्याबरोबर भिंतीवरचे ओलीचे डागही ‘दिसले’, विजेचा मीटर दिसला, एक पाल दिसली. ‘शि’ आणि ‘रो’ मीटरवर जाऊन बसले, ‘पा’ पालीच्या पाठीवर. घोळच घोळ, आणि बोळ नुसता हसतोय. मी आकडा खाली आणणार होते. पण आत्तींच्या खांद्यावर ‘ने’ टेकला होता. त्यांनी मान वळवून बघितलं. आणि मग काय केलं असेल? कुणी शिकवलं नव्हतं. ओटी भरताना पसरतात तसा दोन्ही हातांत पदर धरून पसरला. ‘स’ पडला पदरात. ‘री’ पडली. बाकीची कुणाकुणाची गावं पडली. आत्ती पदर सांभाळून उभ्या, हलल्या तर सांडेल म्हणून. नाद खुळा! मीटर, पाल सगळं राहू दिलं मी.

दूध आटलं, पोरं दमली, दहा वाजून गेले. मी सगळा वेळ लॅपटॉपपाशी. आत्तींनी हाक मारली, “तू उभी ऱ्हा की गं एकदा. सगळ्यांस्नी नाचवलंस.”

मी गेले. बोळ रिकामा होत आलेला, फोकसची धग पाठीवर. पडद्यात मी, एकटीच, पांढऱ्या भिंतीपुढं. माझ्या धंद्यात याला कापून काढलेला फोटो म्हणतात. मी वर बघत होते, माझ्या ‘नि’ साठी, दोन्हीतला कुठलाही चालला असता. वरून ‘द’ आला. डाव्या खांद्यावर. मग ‘र’. मी सरकले नाही. ‘भं’ थोडा लांब पडत होता, हात पुढं केला, कोपरावर घेतला. ‘गा’ तळव्यावर.

“हे कुणाचं गाव?” आत्तींनी विचारलं.

बोळाच्या तोंडाशी गाडा आवरता आवरता एकानं हातातला डाव वर केला.